डॉल्फिन दिसले तर

मला 'नाही' म्हणायचं होतं आणि त्यासाठी कारण सापडत नव्हतं. गोष्ट एवढीच आहे. पण ती भर समुद्रात, एका होडीत घडली, जिथून उठून जायची सोय नव्हती. म्हणून जरा सविस्तर सांगावी लागते.

कारण हवंच, ही पप्पांची अट. याआधी दोन मुलांना मी नाही म्हटलं होतं. एकजण समोर बसून पूर्ण वेळ मोबाईलवर क्रिकेट बघत होता. दुसऱ्याच्या आईने माझं नाव विचारायच्या आधी पगार विचारला. दोन्ही वेळा पप्पांनी काही कुरकुर केली नाही. पण मग एका संध्याकाळी मी बोलून गेले की मुळात मला लग्नच नकोय. सकाळी वसईला दुकानात जायचं, दिवसभर लोकांचे चष्म्याचे नंबर काढायचे, 'आता स्पष्ट दिसतंय का?' असं शंभरदा विचारायचं आणि रात्री घरी येऊन पाय वर करून बसायचं, यात मी खूश आहे. पप्पा म्हणाले, "हे कारण नाही. मुलात खोट दाखव, मी स्वतः नाही कळवतो. खोट नसेल तर मात्र नाही म्हणायचं नाही." मला वाटलं, त्यात काय, माणूस म्हटला की खोट आलीच. मी कबूल झाले. मला अक्कल जरा उशिराच येते.

तिसरा मुलगा आला तो अनुज. आगाशीचा. घरची केळी-नारळाची वाडी, शिवाय स्वतःची रोपवाटिका, आणि आमच्याच समाजातला. पप्पांचं बालपण वसईजवळच्या गिरीज गावात, वाडीत गेलेलं. नोकरी लागल्यावर ते विरारला फ्लॅटमध्ये आले, पण मन अजून पाटाच्या पाण्यातच आहे. मुलगी पुन्हा वाडीत जाणार या कल्पनेनेच ते इतके हरखले की आठवडाभर घरात शीळ घालत फिरत होते. आईने तर पत्रिका जुळल्याच्या दिवशी शिरा केला.

भेटायची जागा अनुजने सुचवली. स्थळांना पाठवायच्या माझ्या माहितीत आईने कुठेतरी 'समुद्राची आवड' असं लिहिलं होतं. बाकीच्यांनी ते वाचून सोडून दिलं. याने वाचून लक्षात ठेवलं. पोहे-चहा नको, म्हणाला, भाटीबंदरला जाऊ, होडीतून डॉल्फिन बघू, तिथे मोकळेपणाने बोलता येईल. आगाशीच्या पश्चिमेचं हे कोळ्यांचं बंदर हल्ली डॉल्फिनसाठी मोबाईलवर गाजतंय. रविवारी मुंबईहून गाड्या येतात, धक्क्यावर लाइफ जॅकेटं वाळत घातलेली असतात. मी इतकी वर्षं इतक्या जवळ राहून कधी गेले नव्हते. आणि खरं सांगायचं तर डॉल्फिन बघायची मला लहानपणापासून इच्छा होती. हा माणूस विचार करून वागतो हे तेव्हाच कळलं. अशा माणसात खोट शोधायची कशी?

तो फेब्रुवारीतला पौर्णिमेचा दिवस होता. दुपारी धक्क्यावर त्यांच्याकडून तिघं आली होती. अनुज, त्याची आई मालनताई आणि जिजाआत्या. वडील वाडीत पाणी सोडायचं म्हणून आले नव्हते. मालनताई कमी बोलणाऱ्या. ती कसर आत्या भरून काढत होत्या. हातात भलीमोठी पिशवी, कपाळावर मोठं कुंकू. होडीत पाय ठेवतानाच त्यांनी जाहीर करून टाकलं, "आज डॉल्फिन दिसले ना, तर तो शुभशकुन समजायचा. मग घरी जायची वाट बघायची नाही. इथेच पोरीची ओटी भरून मोकळं व्हायचं!"

आई हसली. पप्पा तर टाळी द्यायचेच बाकी होते. आमच्यात लग्नाआधी मुलीची ओटी अशी येताजाता कुणी भरत नाही. भरली म्हणजे ठरलं. मी आत्यांच्या पिशवीकडे पाहिलं. वरच खण दिसत होता, हिरवा.

म्हणजे बघा, आयुष्यभर जे बघायची हौस, ते आज दिसू नये म्हणून मला प्रार्थना करायची होती. मी केली. होडी धक्क्यापासून सुटली तेव्हा मी मनात म्हणत होते, आज येऊ नका रे बाबांनो, कुठेतरी लांब जाऊन मासे खा.

होडी शंकर नाखव्याची होती. हा साठीचा कोळी, उन्हाने रापलेला, कमरेला रुमाल, बोलणं मोजकं. सुकाणूपाशी उभं राहून त्याने आधीच सांगून ठेवलं, "आज पुनव हाय. पानी लय खाली जानार. मी बोललो चला, की चलायचं. मंग अजून दहा मिनटं, अजून पाच मिनटं, आसं नाय चालायचं." सगळ्यांनी शहाण्या मुलांसारख्या माना हलवल्या.

मी कामाला लागले. म्हणजे खोट शोधायच्या. अनुज माझ्या समोरच्या फळीवर बसला होता. ऊन माझ्या डोळ्यांवर येतंय हे पाहून त्याने जागा बदलली. मी म्हटलं, मला नोकरी सोडायची नाही. तो म्हणाला, का सोडायची? आगाशीहून वसईला बस आहे. मी म्हटलं, मला स्वयंपाक येत नाही. तो म्हणाला, मला येतो, पण मासे साफ करायचा कंटाळा आहे. मी म्हटलं, मी चिडकी आहे. त्यावर तो हसला आणि म्हणाला, आमच्या आत्याला भेटलात ना? मग तुम्ही काहीच नाही.

मला हसू आलं, हीच पंचाईत. माणूस चांगला होता. बसस्टॉपवर भेटला असता तर मी त्याच्याशी आनंदाने तासभर गप्पा मारल्या असत्या. पण तासभर वेगळं आणि जन्मभर वेगळं, आणि मला त्याच्याबरोबर जन्म काढावासा वाटत नव्हता. का वाटत नव्हता? मला माहीत नाही. दुकानात लोक भिंग बदललं की सांगतात, हे नको, आधीचं बरं होतं. मी कधीच 'का' असं विचारत नाही. नंबर त्यांच्या डोळ्यांचा असतो.

तिकडे आत्या आणि पप्पा घरच्या बोलीत शिरले होते. पप्पा घरी आमच्याशी ती बोलत नाहीत. मला समजते, बोलता येत नाही. कुणाच्या वाडीतली विहीर गोडी, कुणाच्या आजोळचं लग्न कुठे झालं, असं करत करत त्यांनी एक दूरचं नातंही शोधून काढलं. पप्पांचा चेहरा इतका उजळलेला मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण येत नव्हता. या माणसाला मी थोड्या वेळाने काय सांगणार होते?

समुद्र सपाट होता. लांब एक मासेमारीची होडी, थोडे पक्षी, बाकी काही नाही. माझी प्रार्थना चांगलीच लागू पडली होती. नाखव्याने एक फेरी मारली, दुसरी मारली. मग आकाशाकडे नाही, किनाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चला."

"असं कसं?" आत्या म्हणाल्या. "अजून एक चक्कर."

"आत्ये, पानी उतरतंय."

"अहो, आमचं शुभकार्य अडलंय!"

आणि पप्पांनी, आयुष्यात बस सुटायच्या आधी अर्धा तास स्टॉपवर जाऊन उभं राहणाऱ्या माझ्या पप्पांनी, त्यांना दुजोरा दिला. "घ्या हो नाखवा, एकच घ्या." नाखव्याने ओठ आवळले आणि सुकाणू वळवलं. त्या चक्करीतही काही दिसलं नाही. पण परत येताना, खाडीच्या तोंडाशी, होडी खालून खरवडल्यासारखा आवाज झाला. एक हिसका बसला आणि आम्ही थांबलो. इंजिन घुरघुरलं, मागे गढूळ पाणी उसळलं, होडी हलली नाही.

"बसली," नाखवा म्हणाला. "वाळूवर बसली. आता भरती लागंल, पानी चरंल तवा निघू."

"म्हणजे कधी?" आईने घाबरून विचारलं.

"रात पडंल."

धक्का समोर दिसत होता. त्यावरची माणसं, आइसक्रीमची गाडी, सगळं दिसत होतं. मधे चिखल आणि पाण्याचे पट्टे. मी विचारलं, उतरून चालत गेलं तर? नाखव्याने हातातला बांबू बाजूच्या चिखलात सोडला. तो निम्म्याहून जास्त सहज आत गेला. त्याने तो जोर लावून ओढून काढला. पप्पा आणि आत्या, ज्यांच्यामुळे हे झालं, ते दोघे एकमेकांची समजूत घालत होते की बरंच झालं, निवांत बोलता येईल.

मालनताईंनी डबा उघडला. केळ्याची भजी, अजून मऊ. मला भूक लागली होती आणि मी खाल्ली, चांगली तीन-चार. नाही म्हणणाऱ्या मुलीने समोरच्यांची भजी खावीत का, असा प्रश्न खाताना पडला, पण भजी उत्तम होती.

आणि मग मीच घात केला. होडीच्या डावीकडे, जिथे खोल पाण्याची एक पन्हळ उरली होती, तिथे पाणी जरा वेगळं हललं. माझं नजरेचंच काम. पाठ वर आली, राखाडी, कडेला किंचित गुलाबी. फुस्स करून श्वास सोडला आणि आत गेली. मग दुसरी. तिच्या शेजारी एक लहान, अगदी चिकटून. "ते बघा!" मी ओरडले. उभी राहिले. "ते बघा, ते बघा, पिल्लू आहे!"

कुणी मला ओरडायला सांगितलं नव्हतं. गप्प बसले असते तर निम्म्या जणांना ते दिसलेही नसते. पण मला भानच राहिलं नाही. ते इतके जवळ होते की त्यांचा श्वास ऐकू येत होता. ओहोटीने मासे त्या पन्हळीत कोंडले गेले होते आणि हे त्यांच्यामागे आले होते. "गादे," नाखवा म्हणाला. कोळी त्यांना गादेच म्हणतात. मी हसत होते, डोळ्यांत पाणी होतं, आणि मागे आत्या पिशवीत हात घालून ओरडत होत्या, "नारळ! अगंबाई, नारळ घरी राहिला!"

ज्यांच्या वाडीत नारळ पायात येतात, त्यांचा नारळ घरी राहिला होता. पण आत्या अडणाऱ्यांतल्या नव्हत्या. होडीच्या पुढच्या टोकाशी, दोरखंडाच्या वेटोळ्यात, एक नारळ ठेवलेला होता. वाडीतल्या बाईला दिसलेला नारळ आपलाच वाटतो. त्यांनी तो उचलला, खण घेतला, मूठभर तांदूळ घेतले आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

मी वळले. चेहऱ्यावर अजून ते हसू होतं. आणि माझ्या हातांनी ओढणी पसरली.

मी नाही पसरली, हातांनी पसरली. लहानपणापासून आई, काकू, माम्या यांना मी पाहत आले आहे. कुणी मोठी बाई नारळ घेऊन समोर आली की पदर पुढे होतो. त्याला विचार लागत नाही. नारळ ओढणीत पडला, जड. वर खण, वर तांदूळ. कपाळाला कुंकू. आईने डोळ्यांना पदर लावला. पप्पा आत्यांना वाकून नमस्कार करत होते. डॉल्फिन कधी गेले ते कळलंच नाही.

अनुज जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आत्या घाई करते. तुम्हाला चालणार आहे ना?"

तेव्हा बोलायला हवं होतं. इतकं सरळ मला कुणीच विचारलं नव्हतं. पण पप्पा बघत होते, आई बघत होती, ओढणीत तो नारळ होता. मी फक्त हसले. तेच आधीचं हसू, पण आता ते माझं नव्हतं.

मी फळीवर बसले. चहूबाजूंनी चिखल, मांडीवर नारळ. पलीकडे लग्न मेमध्ये करायचं की दिवाळीनंतर, याची चर्चा सुरू झाली होती.

तेवढ्यात नाखवा पुढे जाऊन परत आला. "आत्ये, तिथला नारल घेतला काय?"

"घेतला. का हो?"

"तो दर्याचा हाय. पुनवेला देतो आमी. वटीत नाय घालायचा तो."

माझ्या जिवात जीव आला. मी इतक्या लगबगीने नारळ काढून त्याच्या हातात दिला की तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, सुटले. समुद्राचा नारळ, चुकीची ओटी, अपशकुन म्हणा, काहीही म्हणा. मला फुकटात कारण मिळालं होतं.

"चुकलंच माझं," आत्या म्हणाल्या आणि दोन्ही कानांना हात लावला. "पण बरं झालं हो, घाईत झालं होतं. आता उतरलो की सरळ आगाशीच्या बाजारातून दुसरा घेऊ आणि आमच्याकडेच चला सगळे. देवासमोर नीट ओटी भरू. जेवूनच जा."

"अगदी योग्य," पप्पा म्हणाले.

आत्ता नाही तर मग कधीच नाही, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. देवासमोर, त्यांच्या घरात, ताटावर बसल्यावर मी काय बोलणार होते?

"मला नकोय," मी म्हणाले.

"काय नको? जेवण?" आई म्हणाली.

"लग्न. अनुजशी. मला नको आहे."

पाणी इतकं शांत होतं की मला वाटलं, धक्क्यावरही ऐकू गेलं असेल.

"का?" पप्पांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरंच वाट बघत होते. मी खोट सांगितली असती तर त्यांनी ठरल्याप्रमाणे माझी बाजू घेतली असती, त्याही होडीत, त्याही माणसांसमोर. म्हणून जास्त वाईट वाटलं.

अनुज म्हणाला, "माझं काही चुकलं का?"

"नाही. तुमचं काहीच चुकलं नाही. तुम्ही चांगले आहात. मला फक्त नको आहे. कारण नाही."

एवढं बोलून माणसाने दार लावून निघून जायचं असतं. मला दार नव्हतं. त्यांनाही नव्हतं. पाणी अजून उतरतच होतं. आम्ही सातजण त्या होडीत, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, बसून राहिलो.

आत्यांनी खणाची घडी केली आणि पिशवीत ठेवली. मग वाकून फळ्यांच्या फटींत सांडलेले तांदूळ वेचू लागल्या, एकेक दाणा. बराच वेळ वेचत होत्या. आई लाइफ जॅकेटच्या बंदाशी खेळत रडत होती. अनुज माझ्यापासून जेवढं लांब बसता येईल तेवढा लांब बसला होता, म्हणजे हातभर. पप्पा पाठ फिरवून समुद्राकडे बघत होते. ऊन उतरलं तेव्हा मालनताईंनी पुन्हा डबा उघडला आणि सगळ्यांना भजी दिली. मलाही दिली. ती भजी मला गिळता येईना आणि टाकूनही देता येईना. मी ती हातात धरून बसले. तेल मनगटापर्यंत ओघळलं. आपण काहीतरी भयंकर केलं असं वाटत होतं, आणि त्याच वेळी, इतक्या दिवसांनी, छातीवरचं ओझंही उतरलं होतं. या दोन्ही गोष्टी एका वेळी वाटू शकतात हे मला माहीत नव्हतं.

सूर्य बुडून अंधार पडला तेव्हा होडी खालून किंचित हलली. नाखव्याने नारळ समुद्रात सोडला, हात जोडले आणि इंजिन सुरू केलं.

धक्क्यावर आत्या आमच्याकडे न बघता गाडीत जाऊन बसल्या. मालनताई आईला 'येते' म्हणाल्या. अनुजने पप्पांना नमस्कार केला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेला. आम्ही रिक्षा केली. पप्पा मधे, मी एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. आगाशीचा बाजार आला, गेला.

मग पप्पांचा फोन वाजला. गिरीजहून मोठे काका.

"हो, निघालो," पप्पा म्हणाले. "होडी अडकली होती, म्हणून उशीर... नाही, नाही जमलं. काय आहे, पत्रिका जुळत नाही. हो ना, आधी नीट बघितलीच नव्हती... मंगळाचं काहीतरी."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते. एवढं सगळं झालं होतं, मी त्या होडीत जिवावर उदार होऊन ते वाक्य बोलले होते, आणि विरार यायच्या आधीच ते नाहीसं झालं होतं. तिथे आता मंगळ होता. सगळ्यांची सोय झाली. माझीही झाली असती.

"मुलगा सांदोरचा?" पप्पा म्हणत होते. "काय करतो?... वा. बघू ना. रविवारी? चालेल की. नाही, तिची काही हरकत नाही."

"पप्पा, फोन द्या," मी म्हणाले.

त्यांनी फोन कानाला आणखी घट्ट धरला. मी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. रिक्षा खड्ड्यातून गेली, आई म्हणाली, "उन्नती, आता पुरे कर गं." मी हात मागे घेतला नाही. शेवटी पप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवलं.

"काका, उन्नती बोलतेय. पत्रिका छान जुळली होती. मी नाही म्हटलं."

मग काका म्हणाले, "का गं? काय खोट होती मुलात?"

"काही खोट नव्हती, काका. मला नको होतं."

काका काहीतरी बोलू लागले, वय, समाज, आईबापांचं तोंड, आणि मी ऐकत होते. पप्पा माझ्या खांद्याला खांदा लागून बसले होते. एवढ्याशा रिक्षेत त्यांनाही कुठे जायला जागा नव्हती. बराच वेळ ते पुढे रस्त्याकडे बघत राहिले. काकांचा आवाज त्यांनाही ऐकू येत असणार.

"रविवारचंही सांगून टाक," पप्पा म्हणाले.